ओट्यासाठी धबधबा

आमच्या घरमालकीण काकूंना फुलं विकताना खरं बोलायची खोड होती. या धंद्यात याहून वाईट खोड नाही. गिऱ्हाइकाने गजरा उचलला की त्याने विचारायच्या आधीच सांगायच्या, "कालचा हाये." गिऱ्हाईक गजरा खाली ठेवायचं. मग म्हणायच्या, "देवासाठी पायजे असंन तं ने. देव काई नाकाले लावून पायत नाई. बायकोसाठी असंन तं थांब, हे पोरगी ताजा ओवून राहिली."

ती पोरगी म्हणजे मी. पोरगी कसली, माझी दोन्ही लेकरं तेव्हा शाळेत जात होती. पण ज्याचे केस काळे ते काकूंच्या लेखी पोरगंच.

अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. नवरा दालमिलमध्ये जायचा आणि मी काकूंजवळ बसून हार ओवायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. अजूनही येत नाही, म्हणून तर हे लिहून काढते आहे. काकूंना माझा तो गुण फार आवडायचा. माझ्या आधी त्यांच्याकडे एक बोलकी बाई होती, ती टिकली नाही. एका टोपल्यामागे दोन तोंडं कशाला पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याजवळ माप एकच, हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. हार हातावर मोजायच्या, लुगडं हातावर मोजायच्या आणि माणसंही तशीच मोजायच्या. गल्लीत नवीन डॉक्टर राहायला आले, तर काकूंनी त्यांना वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, साडेतीन हात पुरा आहे, पण वाकडा ओवलाय. डॉक्टरांना ते ऐकू गेलं. पुढे काकूंच्या गुडघ्यात सुई टोचताना त्यांनी अंमळ जोर लावला, असं काकू सगळ्यांना सांगत, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. आपण बोललो, त्याने टोचलं, झालं.

दोरा कधी फेकायच्या नाहीत. शिळ्या हाराची फुलं गाईला आणि दोरा डाव्या हाताच्या बांगड्यांवर गुंडाळलेला. सकाळी फुलबाजारात चिखल असतो, म्हणून काकांचे कचेरीतले काळे बूट घालून जायच्या. लुगड्याखाली ते बूट पाहून लोक हसायचे. काकू म्हणायच्या, बुढ्याचे बूट आहेत, बुढा घालत नाही, बुटाने काय करावं? आणि कोणी कशाचीही भीती घातली की त्यांचं एकच ठरलेलं होतं, "होऊन होऊन काय होईन? मरू. त्याच्यानंतर तं काई कामच नाई."

आता काकांबद्दल लिहायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

काका कचेरीतून रिटायर झालेले. घराच्या समोर चांगला लांबरुंद ओटा होता, त्यावर लाकडी खुर्ची टाकून बसायचे. समोर मोठा कडुलिंब, त्यामुळे ओट्यावर दिवसभर सावली. काकू मात्र गल्लीच्या तोंडाशी, नालीच्या काठाला टोपलं घेऊन बसायच्या. डोक्यावर एक मोडकी छत्री. तिची अर्धी सावली काकूंवर, अर्धी फुलांवर, माझ्यावर काही नाही. अकोल्याच्या उन्हाबद्दल मी लिहीत नाही, ज्याने पाहिलं त्याला माहीत आहे. दुपारपर्यंत मोगरा तव्यावर टाकल्यासारखा व्हायचा. मग काकू खरं सांगायच्या आणि मग कोणी घ्यायचं नाही.

लग्न होऊन आल्यापासून काकू तो ओटा मागत होत्या. माळ्याची लेक, भातकुलीकडच्या एका गावातली, फुलाशिवाय त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. काका म्हणायचे, साहेबाच्या घरापुढे दुकान शोभत नाही. साहेब म्हणजे ते स्वतः. कचेरीत ते साहेबाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचे, पण घरी यायचे ते साहेब होऊनच.

काकूंनी फार जोर धरला की काका धबधबा काढायचे. भांडणात लोक एकमेकांचे आईबाप काढतात, काका धबधबा काढायचे. तरुणपणी कचेरीतल्या दोस्तांबरोबर ते म्हणे मेळघाटात, सेमाडोहच्या अलीकडे, रानातल्या एका धबधब्याला गेले होते. वाट अशी की वाघसुद्धा विचार करून उतरतो. एका जागी तर वेलीला लटकून उतरायचं. खाली गेल्यावर पाण्याच्या मागे गुहा, गुहेत डाव्या बाजूला पाटासारखा दगड. बाकीचे भ्यायले. काका एकटे आत जाऊन त्या पाटावर बसून आले. वरणात मीठ जास्त पडलं की त्यांना त्या धबधब्याचं गोड पाणी आठवायचं. जिन्याची पायरी तुटली म्हटलं की ते वेलीवर जायचे. शेवट ठरलेला असायचा, "तुले काय समजते? ते बायकायचं काम नाई."

काकू म्हणायच्या, बुढा लबाड आहे, हा कुठेही गेलेला नाही. पण धबधबा काही त्यांनी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या वस्तूबद्दल त्यांना छातीठोक बोलता येत नसे. म्हणून दर भांडणात तिथे येऊन अडायच्या आणि ओटा राहून जायचा.

एका वर्षी गणपती उठले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात फुलाला गिऱ्हाईक नसतं. टोपलं झेंडूने भरलेलं आणि आम्ही दोघी माशा हाकत बसलेल्या. समोरच्या खांबाला एक फलक लागला. लोकांना गाडीत घालून रानवाटा हिंडवणाऱ्या पोरांची एक टोळी होती, तिचा. फलकावर धबधब्याचा फोटो, खाली गावाचं नाव. काकूंनी मला ते नाव वाचायला लावलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग परत वाचायला लावलं. काका सांगायचे तेच गाव.

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे चार जण बसलेले असताना काकूंनी विषय काढला. म्हणाल्या, तुमच्या धबधब्याला लोक नेतात, मी जाऊन येते. काका हसले, शेजारचेही हसले. काका म्हणाले, जाय, अर्ध्या रस्त्यातून पोट्टे तुला झोळीत टाकून आणतील.

"आन् पोचली तं?"

"पोचली तं पोचली."

"तसं नाई," काकू म्हणाल्या. "तिथं गुहा असंन तं मी मरेपर्यंत ओट्याचं नाव काढणार नाई. नसंन तं ओटा माहा."

काका लगेच हो म्हणाले नाहीत. तोंडातली सुपारी इकडून तिकडे केली. मी पायरीशी फुलांची बादली घेऊन उभी होते, मला ते दिसलं. पण चार माणसं तोंडाकडे पाहत होती. शेवटी म्हणाले, मंजूर.

पितृपक्षात घराबाहेर पडू नये असं गल्लीतल्या बायकांनी काकूंना सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, पितर काय परके आहेत? वाटेत भेटले तर रस्ताच दाखवतील. मला बरोबर न्यायचं त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्या नवऱ्याला विचारलं, तेही फाटकातून ओरडून.

निघताना त्यांनी काष्टा घातला, पायात दोन दोन मोजे आणि त्यावर काकांचे काळे बूट. पिशवीत भाकरी, ठेचा आणि न खपलेल्या झेंडूचे छोटे छोटे झुबके, प्रत्येकाला दोरा बांधलेला. हे कशाला म्हटलं तर म्हणाल्या, रस्ता विसरलो तर? जागोजागी बांधत जाऊ. फुलवालीला खुणेसाठी दुसरं काय सुचणार. मलाही तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं.

परतवाडा सोडून गाडी घाटाला लागली आणि माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं. काकू माझी पाठ चोळत खिडकीतून साग मोजत होत्या. गाडीत सगळी कॉलेजातली आणि नोकरीवाली पोरंपोरी. त्यांचा म्होरक्या गळ्यात शिट्टी घालून हिंडत होता आणि दर थोड्या वेळाने ती वाजवत होता. काकू माझ्या कानात म्हणाल्या, याच्या साडेतीन हातातला अर्धा हात शिट्टीच आहे.

गाव सोडलं की वाट एकदम खाली दरीत जाते. काळा दगड, त्यावर शेवाळ, वर सागाच्या पानांचा चिखल. पोरं उड्या मारत उतरली. काकूंना एका जागी उभं राहता येईना, तर त्या सरळ बसल्या आणि बसूनच घसरत खाली गेल्या. मला म्हणाल्या, जिथे उभं राहवत नाही तिथे बसावं, लाजायचं कशाला. मीही बसले. दोघींची लुगडी मागून काळी झाली.

एका कड्याशी पोरांनी दोर बांधलेला होता. काकू थांबल्या आणि वर, खाली, आजूबाजूला नीट पाहिलं. "वेल कुठंसा हाये?" त्यांनी म्होरक्याला विचारलं. तो म्हणाला, कसली वेल, काकू? इथे वेलबिल काही नव्हती. काकूंचा चेहरा असा खुलला की मला वाटलं त्या त्याला गजरा देतील. दोराला धरून उतरता उतरता म्हणाल्या, "एक खोटं सापडलं."

खाली नाला लागला. पाणी बरंच होतं, दगड निसरडे. म्होरक्या आमच्याजवळ आला आणि अदबीने म्हणाला, पुढचा टप्पा तुमच्यासाठी नाही. तुम्ही दोघी या खडकावर बसा, आम्ही जाऊन येतो. काकू मुकाट्याने बसल्या. मला फार बरं वाटलं. मी भाकरीची पिशवी उघडायला घेतली. टोळी वळणाआड गेली आणि काकू उठल्या.

"चाल."

मी म्हटलं, काकू, त्यांनी बसायला सांगितलं आहे.

"त्यानं बस म्हटलं, मी बसली. किती वेळ बस, हे त्यानं सांगतलं नाई."

पुढचा नाला मी कसा पार केला ते मला सांगता येणार नाही. एका हाताने काकूंचा पदर आणि एका हाताने दगड, एवढंच ध्यानात आहे. पाणी पायाशी, मग गुडघ्याशी, मग कमरेशी. मी पडले, काकूंनी ओढलं. त्या पडल्या, मी ओढलं. रडू येत होतं पण आवाज पाण्यात जात होता, म्हणून रडून घेतलं. काकू प्रत्येक वळणावर थांबून एखाद्या झुडपाला झेंडू बांधायच्या, जणू लग्नाचा मांडव आहे. आपण पडलो तर काय, असं मी विचारलं. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला, मग अंगावर आला, तुषार होऊन. काकूंनी मान वर केली आणि हाताने हवेत मोजायला लागल्या. पन्नास-साठ हातांनंतर सोडून दिलं. पोरं समोर उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. आम्हाला पाहून म्होरक्याने शिट्टी वाजवली. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्या कड्याला चिकटून, पाण्याच्या कडेकडेने निघाल्या. शिट्टी वाजतच राहिली. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं, म्हणून मीही गेले.

पाण्यामागे गुहा होती.

चांगली माणूस उभं राहील एवढी. वर अखंड काळ्या पाषाणाचं छत, कुठे चीरसुद्धा नाही. आणि डाव्या बाजूला पाटासारखा दगड.

काकू तो दगड पाहत राहिल्या. मग त्यावर बसल्या. एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, बूट बाजूला ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. समोर पाण्याचा पडदा, त्यातून उजेड हिरवट होऊन आत येत होता. पोरांचे लाल-पिवळे कपडे पाण्यात विरघळल्यासारखे हलत होते. इतकं सुंदर मी पुन्हा काही पाहिलं नाही. पण काकूंकडे पाहवेना.

"बुढा खरं बोलला," त्या म्हणाल्या. "आन् मी त्याले सारा जन्म लबाड म्हटलं."

मी त्यांच्या पायाजवळ बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात लांबवून गुहेची भिंत मोजली, सवयीने. बाहेर म्होरक्याची शिट्टी फारच केविलवाणी झाली तेव्हा उठल्या. एका पायात बूट नाही हे नाल्याच्या पाण्यात उतरल्यावर कळलं. म्होरक्या परत जाऊ देईना. मी पिशवीतली भिजलेली भाकरी टाकून ती त्यांच्या पायाला गुंडाळून बांधली.

वाटेत आमच्या झेंडूचं एकही फूल नव्हतं. वर फांद्यांवर वानरांची टोळी बसली होती आणि एका थोराड वानराच्या ओठाला अजून केशरी पाकळी चिकटलेली होती. पोरं पोट धरून हसली. झुडपांना नुसते दोरे लोंबत होते. रस्ता म्होरक्याला माहीत होता, दोऱ्यांची गरज कोणालाच नव्हती. पण दोरा फेकायचा नाही, म्हणून काकू थांबून थांबून प्रत्येक गाठ सोडत चालल्या आणि सगळी टोळी ताटकळत त्यांच्यामागे. शेवटचे काही दोरे मात्र त्यांनी पाहिले आणि तसेच सोडून पुढे गेल्या. तेव्हा मला कळलं, ओटा गेला.

गाडीत त्या सोडून आणलेले दोरे बांगड्यांवर गुंडाळत राहिल्या. अकोला आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, नवीन छत्री घ्यावी लागेल.

ओट्यावर काका बसले होते आणि शेजारचे चारही जण. बहुतेक झोळी पाहायला थांबले असतील. काकू लंगडत पायऱ्या चढल्या आणि एक बूट काकांच्या पुढ्यात ठेवला.

काकांनी बुटाकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाच्या पिशवीकडे. "दुसरा कुठं हाये?"

"तिथंच राहला. धबधब्यापाशी."

म्हणजे ही पोचली, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा मी कडुलिंबाखाली उभी राहून पाहत होते. काकू पुढचं सांगणार होत्या. मला माहीत होतं, त्या खरं सांगणार आणि ओट्याचा विषय त्याच रात्री कायमचा संपणार. त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काकाच घाईने बोलले.

"गुहा काई दिसली नसंन तुले. ते कधीचीच पडली असंन. मी गेलो तवाच पडायले आली होती. माती सुटली होती वरून."

शेजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण आम्ही दोघी त्या काळ्या छताखाली बसून आलो होतो. त्यात मातीचा कण नव्हता, आणि आणखी हजार वर्षं ते पडणार नाही. जो आत बसला त्याला हे सांगावं लागत नाही. काका तिथे कधी गेलेच नव्हते. कोणत्या तरी दोस्ताने त्यांना ती गुहा सांगितली, पाटासारख्या दगडासकट, आणि त्यांनी ती संसारभर वापरली. दोस्त मात्र बिचारा खरं बोलणारा होता.

काकूंनी तोंड मिटलं. मग त्या सावकाश, अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "तुमी म्हणता तं पडली असंन बाप्पा."

लग्नानंतर त्यांनी काकांचं काही कबूल केल्याची ती पहिलीच वेळ असावी. काकांना बरं वाटलं. त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"आन् पडली असंन," काकू तशाच आवाजात म्हणाल्या, "तं मंग ओटा?"

दुसऱ्या दिवशी आमचं टोपलं सावलीत आलं. फुलं ओवताना मी हळूच विचारलं, काकू, खोटं का बोललात? त्या रागावल्या. "मी कुठं खोटं बोलली? तो म्हणे पडली. मी म्हटलं, तुमी म्हणता तं असंन."

काकांची खुर्ची ओट्याच्या कोपऱ्यात गेली. चार दिवस त्यांनी तोंड फिरवून बसून पाहिलं. पण फुलाला येणारं माणूस बोलायला मिळतं, ते त्यांना आवडायला लागलं. उन्हाळा आला तेव्हा तेच बसल्या बसल्या मोगऱ्यावर पाणी शिंपडू लागले. कालच्या गजऱ्याला बेधडक ताजा म्हणून सांगायचे. काकू आतून ओरडायच्या, कालचा आहे. एक खरं, एक खोटं, दोन्हींमध्ये धंदा चांगला चालला.

धबधबा मात्र त्यांनी सोडला नाही. फक्त आता त्यात गुहा पडल्याचा भाग वाढला. आमचं बिऱ्हाड भातकुलीला हलायच्या थोडं आधी एक कॉलेजातली मुलगी हार घ्यायला आली होती. काकांनी तिला वाघ, वेल, गुहा, सगळं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि हसत विचारलं, "काका, खरंच गेला होता का तुम्ही? का असंच?"

काकांनी सुपारी इकडून तिकडे केली. मी हातातलं फूल तसंच धरून बसले. काकू हार हातावर मोजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"त्यायचा बूट हाये तिथं," त्या म्हणाल्या. "काळा, कचेरीचा. मी माह्या डोयानं पायला."

मुलगी काकांकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागली. काका खुर्चीत जरा सरळ बसले. काकूंनी हार तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "कालचा हाये."